सुंदराकाकीचा हात

आटगावच्या पुढे, तानसाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ग्रामपंचायतीचं एक जुनं गोदाम आहे. पूर्वी त्यात खताच्या गोणी असायच्या, नंतर बरीच वर्षं नुसते उंदीर होते. आता तिथे नऊ बायका बसतात आणि दिवसभर प्लास्टिक निवडतात. त्यांची मुकादम सुंदराकाकी. मुकादम म्हणजे काही खुर्ची-टेबल नाही, बाकीच्यांसारखाच एक पाट. पण तो पाट दाराशी असतो आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गोदामातून चिंधीसुद्धा बाहेर पडत नाही.

काकी बावन्न वर्षांची. माहेर मुरबाडकडचं, धसईचं. लग्न होऊन या गावात आली त्याला तेहतीस वर्षं झाली, आणि गावात तिचं नाव झालं ते भाताच्या बियाण्यामुळे. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, पोचट दाणे वर तरंगतील ते काढून टाकायचे, तळाशी बसलेलं भरीव बी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं, हे सगळेच करतात. मीठ किती घालायचं हीच त्यातली खरी मेख. शिकाऊ लोक पाण्यात बटाटा सोडून बघतात, तरंगला की झालं. काकीला बटाटा लागत नाही. ती पाण्यात बोट बुडवते, जिभेला लावते, आणि सांगते. तिनं निवडलेलं बी उगवलं नाही असं अजून झालेलं नाही. पेरणीच्या दिवसांत चार गावची माणसं पाटी घेऊन तिच्या अंगणात यायची आणि म्हणायची, काकी, जरा हात लाव. असं तेहतीस वर्षं ऐकल्यावर माणसाला स्वतःच्या हाताचा थोडा गर्व होणारच. तिलाही होता, आणि तो थोडा नव्हता.

प्लास्टिकशी तिचा संबंध आला तो ओहोळामुळे. मुंबईला पाणी इथून जातं. रविवारी मुंबई ते पाणी बघायला येते आणि जाताना पिशव्या, बाटल्या, वेफर्सची पाकिटं ठेवून जाते. ती वाहत वाहत काकीच्या शेताच्या बांधाला यायची. दर वर्षी काकीचा नवरा देवजी ओहोळाचं तोंड मोकळं करायला बसायचा आणि बारा-पंधरा पाट्या कचरा काढून, ज्यानं कोणी पिशवीचा शोध लावला त्याचा उद्धार करायचा.

तीन वर्षांपूर्वी मुरबाडच्या एमआयडीसीत एक कारखाना सुरू झाला आणि तिथली हेतल नावाची इंजिनिअर गावच्या बचत गटाच्या बैठकीला आली. कल्याणची पोरगी, पायांत बूट, हातात वही. ती म्हणाली, भंगारवालाही ज्याला हात लावत नाही त्या पातळ पिशव्या आणि पाकिटं आम्ही घेऊ. बंद भांड्यात, हवा लागू न देता ते तापवलं की त्याची वाफ होते, वाफ थंड केली की तेल मिळतं. ते तेल टँकरनं मोठ्या कारखान्यात जातं आणि त्याचं पुन्हा नवं प्लास्टिक होतं, खनिज तेल तेवढं कमी लागतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकीनं विचारलं, "म्हंजे मोवाच्या दारूची भट्टी असते तसं?"

हेतल आधी गोंधळली, मग हसली. "अगदी तसंच, मावशी. फक्त हे प्यायचं नाही."

"मग देवजी नाय येणार कामाला," काकी म्हणाली, आणि त्या हशात केंद्र सुरू झालं.

कामात काकी लवकर मुरली. पिशवी मुठीत चुरगाळून कानाशी नेली की ती ओळखायची. मऊ पिशवी आवाज करत नाही, वेफर्सचं पाकीट कुरकुरतं, आणि एक जात अशी की चुरगाळली तरी जड, सुस्त, लोळत पडल्यासारखी वाटते. ती म्हणजे पीव्हीसी. गोळ्यांची पाकिटं, वायरीवरची आवरणं, साडीची चेनवाली पिशवी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फ्लेक्स. कुठल्याही भाऊंचा वाढदिवस झाला की पुढचे पंधरा दिवस केंद्रावर भाऊच भाऊ यायचे. हेतलनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पीव्हीसीत क्लोरीन असतं, तापल्यावर त्याचं ॲसिड होतं आणि ते भांडं आतून खातं. शिवाय क्लोरीन असलेलं तेल कोणी घेत नाही. बायकांनी त्या जातीचं नाव ठेवलं नाठाळ. तीन वर्षांत आटगावच्या मालात नाठाळ सापडला नव्हता.

या वर्षी होळीनंतर कारखान्यानं केंद्राला दोन वस्तू दिल्या. एक प्लास्टिकचे बारीक तुकडे करणारं यंत्र आणि एक मोठी उघडी टाकी. तुकडे पाण्यात टाकून ढवळायचे. चांगला माल वर तरंगतो तो जाळीनं काढायचा, हातातून निसटलेला नाठाळ तळाला बसतो तो फेकायचा. भाताच्या बरोबर उलट, म्हणून बायका दिवसभर हसत होत्या. हेतल शिकवून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकी टाकीपाशी उभी राहिली. एवढी मोठी टाकी, आणि आत नुसतं साधं पाणी. तिला ते अर्धवट वाटलं. साध्या पाण्यात कधी कोणी काही निवडलंय? तिनं देवजीला शहापूरच्या बाजारात पाठवलं आणि खडे मिठाची गोणी मागवली. स्वतःच्या हातानं मीठ ओतलं, ढवळलं, बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, "आता झालं."

आठ जणींपैकी एकीलाही नवल वाटलं नाही. सगळ्या भातवाल्या घरांतल्या, मीठ घातलं नसतं तरच त्यांनी विचारलं असतं. पारू तर म्हणाली, "मी कवाची बघतेय, मॅडम मिठाचं बोललीच नाय."

"शिकलेल्या माणसाला सगळं कुठं सुचतं?" काकीनं मॅडमला मोठ्या मनानं माफ केलं.

तुकडे काढून ताडपत्रीवर वाळवले. धुवायचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. बी धुतात ते मिठानं मोड मरू नये म्हणून. प्लास्टिकला काय मोड यायचेत? आणि बोअरवेल चैत्रात जेमतेम दिवसाला एक टाकी पाणी देत होती.

त्या टाकीतला पहिला माल टेम्पोनं मुरबाडला गेला आणि चौथ्या दिवशी तोच टेम्पो तोच माल घेऊन परत आला. मागोमाग हेतल आली. तिच्या हातात प्रयोगशाळेचा कागद होता.

"क्लोरीन मर्यादेच्या चौपट आहे, मावशी. नशीब, भांड्यात टाकायच्या आधी तपासलं."

"आमच्या मालात नाठाळ नाय," काकी म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही."

"मीबी नाय बोलत."

हेतलला वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं. भिवंडीकडचा एक मोठा ठेकेदार कारखान्याला माल द्यायला टपून बसला होता, आणि साहेब म्हणत होते की खेड्यातली केंद्रं परवडत नाहीत. तिनं भांडून एक संधी मिळवली होती. येत्या गुरुवारी दुसरा माल पाठवायचा. तोही नापास झाला तर यंत्र आणि टाकी उचलून नेणार, केंद्र बंद.

ती निघून गेली. नऊ घरांत या कामामुळे शाळेच्या फिया भरल्या जात होत्या, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर लांब जावं लागत नव्हतं. काकीला मात्र त्याही पलीकडचं काहीतरी लागलं होतं. तिच्या हातावर आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोट ठेवलं होतं. आपला हात चुकला नाही, तर मग कोणाचा? तिची नजर फिरत फिरत सावळीवर येऊन थांबली.

सावळी ही बावीस वर्षांची, जंगलाच्या कडेच्या वाडीवरची. दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. दहावी पास, सगळ्यांत शिकलेली तीच. मालाची चिठ्ठी तीच लिहायची आणि फ्लेक्सच्या ढिगावर तीच बसायची.

"काय गो, फ्लेक्स कोण निवडतं?" काकीनं विचारलं.

"मी, काकी. पण माझ्या हातून नाय गेला."

"तुझ्या नाय, तर मग काय माझ्या हातून गेला?"

बाकीच्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्यात थोडं हेही होतं की ती वाडीवरची होती, त्यांच्यातली नव्हती. कोणी तसं म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. काकी म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." सावळीनं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, घडी घालून पाटावर ठेवला आणि ती निघून गेली. तिनं रडायला हवं होतं असं काकीला उगाचच वाटलं. रडली असती तर सोपं गेलं असतं.

पुढचा आठवडाभर काकीनं जिवाचा आटापिटा केला. प्रत्येक मूठ दोनदा निवडली. फ्लेक्सचा ढीग गोदामाबाहेर नेऊन टाकला. आणि या वेळी काही कमी पडू नये म्हणून टाकीत मीठ वाढवलं.

बुधवारी दुपारी माल ताडपत्रीवर वाळत होता. आधीच्या परत आलेल्या गोणी भिंतीला लावून ठेवल्या होत्या. काकी भाकरी खाऊन दाराशी आली तर जनीम्हातारीच्या शेळ्या ताडपत्रीवर. जनी शेजारच्या पाड्यातली, सत्तरीची, दोन डझन शेळ्या आणि एक काठी एवढाच तिचा संसार.

"जने, शेळ्या हाकल! पोटात प्लास्टिक गेलं तर मरतील."

"मी काय करू गो?" जनी लांबूनच ओरडली. "आठ दिस झाले, हिकडंच पळतात. चारा सोडून तुझ्या गोणी चाटतात. काय लावलंस त्यांना?"

काकी काठी घेऊन धावली आणि मधेच थांबली. शेळ्या खात नव्हत्या. एकीनंही तुकडा तोंडात घेतला नव्हता. चार-पाच जणी ताडपत्री चाटत होत्या, आणि दोघी भिंतीपाशी उभ्या राहून परत आलेल्या गोणी चाटत होत्या, डोळे मिटून, एका लयीत.

शेळी प्लास्टिक चाटत नाही. शेळी काय चाटते हे काकीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं गोणीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

गोणी खारट होती. बी धुतलं जातं. हे धुतलं नव्हतं. मॅडमच्या मशीनला जे सापडलं ते कुठल्या फ्लेक्समधून आलं नव्हतं, ते शहापूरच्या बाजारातून गोणी भरून आलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ओतलं होतं. क्लोरीन काय असतं हे तिला माहीत नव्हतं, पण तीन वर्षांत नवीन असं मालात फक्त हेच पडलं होतं.

खरं सांगायचं तर पहिला विचार तिच्या मनात आला तो चांगला नव्हता. गुपचूप सगळा माल धुऊन टाकावा. पास होईल. कोणाला कळणार नाही. काकीचा हात तो काकीचा हात राहील. हा विचार तिनं मनात धरला, उलटून पालटून बघितला, आणि तेवढ्यात तिला पाटावर ठेवलेली रुमालाची घडी दिसली. आठवडाभर ती कोणी उचलली नव्हती.

तिनं पारूला फोन लावून द्यायला सांगितलं.

"मॅडम, तुमच्या मशीनला सापडलं ना, ते मीठ असंल."

"कसलं मीठ, मावशी?"

"खडे मीठ. टाकीत मी घातलं."



"टाकीत मीठ? पण का?"

काकीनं बियाण्याचं सगळं सांगितलं. माल का धुतला नाही तेही सांगितलं. मोडांचं ऐकून हेतलला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती म्हणाली, "मावशी, मिठात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं."

"मला काय म्हाईत? मीठ घालू नका असं तुमी बोलला नाय."

"तुम्ही घालाल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही!" मग तिचा आवाज बदलला. "बरं झालं सांगितलंत. नुसताच धुऊन पाठवला असता, तर उद्या दुसऱ्या केंद्रात कोणी मीठ घातलं असतं तरी मला कळलं नसतं. किती दिवस लागतील धुवायला?"

"पाणी दिवसाला एक टाकी. तीन दिवस लागतील, आणि माणसं पुरी हवीत."

"साहेबांशी मी बोलते. रविवारी सकाळी टेम्पो येईल."

माणसं पुरी हवीत हे काकी बोलून गेली होती. आता ती पुरी करायला हवी होती. भर उन्हात ती वाडीवर गेली. सावळी हातपंपावर हंडा भरत होती. काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि आडवळण न घेता सांगितलं.

"चूक माझी व्हती, सावळे. मिठानं झालं. तू ये कामावर."

सावळीनं हंडा भरू दिला. मग पंप मारायचा थांबवला.

"काकी, तुमी मला बोललात ते सगळ्यांसमोर. आन आता चूक झाली म्हणून सांगता ते हितं, माझ्या एकटीला?"

काकीला राग आला, कारण पोरगी खरं बोलत होती. तेहतीस वर्षांत तिला असं कोणी बोललं नव्हतं. ती तशीच वळली आणि चार पावलं गेली. मग मागे न बघता म्हणाली, "सकाळी ये. सगळ्यांसमोर बोलते. नाय बोलली तर परत जा."

सावळी आली, पण गोदामाच्या बाहेर उभी राहिली. काकी पाटावरून उठली. समोर पारू होती, बाकीच्या होत्या, दाराशी देवजी पाण्याचा पाइप धरून उभा होता, आणि या सगळ्यांनी कधी ना कधी तिच्याकडून बी निवडून नेलं होतं.

"मीठ मी घातलं," ती म्हणाली. "माल माझ्यामुळं परत आला. आन नाव मी सावळीवर घातलं. ती वाडीवरची म्हणून मला सोपं गेलं. तुमी कोणी बोलला नाय, पण तुमचं राहू दे, मी माझं बोलते."

पारू मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली. सावळी आत आली, पाटावरचा रुमाल उचलला, झटकला आणि डोक्याला बांधला. "पाइप हिकडं द्या," ती देवजीला म्हणाली, आणि धुवायचं काम सुरू झालं.

तीन दिवस त्यांनी माल धुतला, टोपलीनं निथळला, पुन्हा धुतला. टाकीतलं मिठाचं पाणी आधी उपसून टाकलं होतं. शेळ्या पहिल्या दिवशी आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी दोन गोणी हुंगल्या आणि चाऱ्याकडे निघून गेल्या. जनी म्हणाली, "आता न्या तुमचा माल. माझ्या शेळ्यांनी पास केला." रविवारी टेम्पो किन्हवलीच्या रस्त्यानं मुरबाडला गेला.

मंगळवारी हेतल स्वतः आली ती हातात बाटली घेऊन. बाटलीत चहाच्या रंगाचं तेल होतं. माल पास झाला होता. एवढा स्वच्छ माल या वर्षात कुठल्याच केंद्रातून आला नव्हता, हेही तिनं दोनदा सांगितलं. बाटली हातोहात फिरली. पारूनं वास घेतला आणि नाक मुरडलं.

"ह्याचं पुढं काय व्हणार?" तिनं विचारलं.

"दाणे होतील. दाण्यांचं काहीही होईल. कदाचित परत पिशवी."

"म्हंजे परत आमच्याकडंच येणार," काकी म्हणाली. हसू ओसरल्यावर तिनं बाटली उन्हाकडे धरून बघितली. या वर्षी ओहोळाच्या तोंडाशी देवजीला एकच पाटी कचरा मिळाला होता, आणि शिव्या द्यायला काही उरलं नाही म्हणून त्याला चुकल्यासारखं झालं होतं. तो बाकीचा कचरा असा बाटलीत येऊन बसला, याचा तिला आनंद झाला. लपवता येईना एवढा झाला.

जाताना हेतलनं नियमांचा नवा छापील कागद दिला. सगळ्या केंद्रांना तोच कागद जाणार होता. सावळीनं तो दाराशी, काकीच्या पाटाच्या वर चिकटवला आणि मोठ्यानं वाचला. दहा नियम जुनेच होते. अकरावा नवा होता.

"टाकीत फक्त साधं पाणी वापरावं. मीठ घालू नये."

"परत वाच," काकी म्हणाली.

सावळीनं वाचलं. मागे सगळ्या खुसुखुसु हसत होत्या, काकीनं हसू दिलं.

"खाली नाव हाय का कोणाचं?"

"नाय, काकी."

"मग लिव. ही चूक सुंदरानं केली."

"कशाला? सगळ्यांना म्हाईत हाय."

"आज म्हाईत हाय. उद्या नवीन पोरगी येईल. माल परत आला तर पहिलं तिच्याकडंच बघतील. तिला दिसू दे."

सावळीनं पेन काढलं आणि छापील ओळीखाली लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव तेवढं ओळखू यायचं. तिनं ते बोटानं शोधून काढलं, बरोबर आहे याची खात्री केली, आणि पाटावर बसून पुढची पिशवी कानाशी नेली.